बंद पडलं तर उतरायचं कुठं?

मागच्या वीकांताला आष्ट्याला गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगलीहून पेठ नाक्याकडे जाताना मध्ये लागतं ते आष्टा. भावईचं. बीडमधलं आष्टी वेगळं. पुण्यात हा खुलासा मला महिन्यातून एकदा तरी करावा लागतो.)

ऑक्टोबरातली दुपार. तात्यांच्या उसाच्या बांधावर उभे होतो. आमच्या तात्यांशी गप्पा म्हणजे आधी ऊस, मग उसाचं पाणी, मग पाण्याची मोटार आणि शेवटी जळालेला डीपी, असा ठरलेला क्रम असतो. आम्ही डीपीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात कऱ्हाडच्या बाजूनं एक इवलंसं पांढरं विमान आलं. कऱ्हाडच्या धावपट्टीवर हल्ली वैमानिक तयार करतात, त्यातलंच शिकाऊ असणार. आमच्या डोक्यावर आल्यावर त्याच्या इंजिनाचा आवाज जरा खाली गेला, मग परत वर आला आणि ते विट्याच्या अंगाला निघून गेलं.

तात्या कपाळावर हात धरून बघत होते. म्हणाले, "एकच इंजिन हाय न्हवं ह्येला?"

"हो, एकच."

"आन् बंद पडलं तर? उतरायचं कुठं?"

"सहसा बंद पडत नाही हो तात्या."

"आमची मोटार पण सहसा बंद पडत न्हाई," तात्या म्हणाले आणि उसाकडं वळले.

मी पेशानं संगणक अभियंता. विमानाशी माझा संबंध खिडकीच्या सीटपुरता. पण एखाद्याच्या प्रश्नाला आपण थातुरमातुर उत्तर दिलं की ते आठवडाभर टोचत राहतं. पुण्याला परत आल्यावर रोज रात्री थोडं थोडं वाचत गेलो. वाचता वाचता १९३० सालापर्यंत मागं गेलो आणि परत आष्ट्याला आलो. त्याचा हा वृत्तांत.

आधी एक गैरसमज. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं असं मलाही वाटायचं. तसं नाही. विमानाला वर धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो अंगावरून वाहता वारा. इंजिन असलं की तो वेगातून फुकटात मिळतो. इंजिन नसलं की तो उंची खर्च करून विकत घ्यायचा. पेट्रोल संपलेली एम-एटी घाटाच्या उतारावरून आणलीय का कधी? तेच. फक्त इथं उतार संपतो तिथं पेट्रोल पंप असेलच असं नाही.

हिशोब असा. शिकवायला वापरतात ती विमानं म्हणजे बहुतेक सेस्ना १५२, सेस्ना १७२ अशी. इंजिन बंद असताना एक फूट खाली येईपर्यंत ती साधारण नऊ फूट पुढं जातात. म्हणजे हजार फुटांमागे पावणेतीन किलोमीटर. तेही वारा आडवा आला नाही आणि वेग बरोबर धरला तर. सेस्ना १५२ साठी हा वेग ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की जमीन जवळ यायला लागली की माणसाचा हात आपोआप नाक वर ओढायला जातो. अजून थोडं लांब जाऊ, ते पलीकडचं शेत गाठू. नाक वर गेलं की वेग पडतो, वेग पडला की पंख धरत नाहीत, आणि मग मात्र विमान खरंच दगड होतं. इंजिन बंद पडल्यामुळं मरतात त्यापेक्षा या ओढण्यामुळं मरतात, असं उडवायला शिकवणारे कानीकपाळी ओरडून सांगतात.

आता आष्ट्याचं गणित. कॉकपिटमधला उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. तो ४००० फूट म्हणाला तरी आपला हा भागच समुद्रापासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांवर आहे. उरले बावीसशे फूट. बावीसशे फुटांत सहा किलोमीटर. नकाशावर आष्टा मध्ये धरून सहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आत येतात बावची, कारंदवाडी, फार तर बागणी. कऱ्हाडची धावपट्टी सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या पुढं. कोल्हापूरचा विमानतळ तीसच्या पुढं. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, पण तीही वर्तुळाबाहेर आणि बरीच वर्षं ओस. वेळ किती? तीन मिनिटं आणि वर काही सेकंद.

तीन मिनिटांत करायचं काय, त्याचा एक पाठ असतो. पहिलं, वेग ६० वर आणून ठेवायचा. दुसरं, शेत निवडायचं. तिसरं, इंजिन का गेलं ते बघायचं: पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, मिश्रणाचा दांडा पुढं आहे का, मॅग्नेटोची किल्ली जागेवर आहे का, कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका ओढला का. हा शेवटचा प्रकार भारी आहे. हवेत दमटपणा असला की बाहेर चांगलं वीस-पंचवीस अंश तापमान असतानासुद्धा कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. विमान खाली येईपर्यंत तो बर्फ वितळून जातो, आणि तपासायला आलेल्यांना इंजिनात काहीच खोट सापडत नाही. ज्यानं कधी रात्री दोनला "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे ऐकलं असेल त्याला हे दुःख कळेल.

हे सगळं करून वेळ उरला तर मग रेडिओवर मदत मागायची, १२१.५ वर. आमच्याकडं सर्व्हर बसला की याच्या बरोबर उलटं होतं. आधी दहा जणांना फोन, मग मीटिंग, मग कुणीतरी हळूच लॉग उघडतो. वैमानिकांचा क्रम शंभर वर्षांत ठरत गेलेला आहे: आधी उडवत राहा, मग कुठं जायचं ते ठरव, मग बोल. आणि अगदी शेवटी, जमीन येता येता, पेट्रोल बंद, फ्लॅप खाली, मग विजेचं मुख्य बटण बंद (फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही), आणि दार थोडं उघडून ठेवायचं. दार का? आपटून चौकट वाकली तर ते नंतर उघडत नाही.

असो. हा पाठ आजचा. ज्यांनी तो स्वतःच्या जिवावर तयार केला त्या पिढीकडं रेडिओच नव्हता, त्यामुळं "मग बोल" हा भाग त्यांच्यासाठी नव्हताच. त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल, पण मला ती जरा वेगळी दिसली म्हणून सांगतो.

१९२९ च्या शेवटी आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, जो भारतीय एकट्यानं ठरलेल्या मुदतीत विमान नेईल त्याला ५०० पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, ज्यांच्या विमानाचं नाव होतं 'मिस इंडिया'. (इंग्लिश पत्रकारांनी त्या 'मिस'वर कोटी करून घेतलीच: चुकायचंच लक्षण म्हणे!) दुसरे जेआरडी टाटा, वय २५. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना यांचा. आणि तिसरा अस्पी इंजिनिअर, वय १७. हो, सतरा. त्या वयात मला सांगलीला एसटीनं एकट्यानं पाठवताना आईनं तीन वेळा बजावलं होतं.

अस्पी आधी आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता, मार्च १९३० मध्ये. बक्षिसासाठी तो एकट्यानं परत निघाला, २५ एप्रिलला. जेआरडी उलट्या बाजूनं, कराचीहून ३ मे ला. दोघांकडं जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं दुपंखी विमान, उघडी बैठक, चार सिलिंडरचं एक इंजिन.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचं हवाई ठाणं आहे. जेआरडी तिथं उतरले तर अस्पी आधीच तिथं अडकून बसलेला. कारण काय, तर स्पार्क प्लग. खराब झालेले प्लग बदलायला नवे नाहीत, आणि ते येईपर्यंत बसून राहणं म्हणजे बक्षीस गेल्यात जमा.

प्लग म्हणजे किरकोळ वस्तू हो, आपल्या गाडीत पण असते. पण या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग आणि दोन वेगवेगळे मॅग्नेटो असतात. एक गेला तरी दुसरा ठिणगी देतो. एकाच्या जागी दोन ही युक्ती तेव्हापासूनची; आम्ही तिला रिडंडन्सी म्हणतो आणि तिचे वेगळे पैसे लावतो. पण तेलानं, काजळीनं प्लग काळे पडत गेले की इंजिन आधी ठसकतं, मग ताकद सोडतं. जमिनीवर ठसकलं तर वैतागायचं. वाळवंटावर ठसकलं तर तात्यांचा प्रश्न.

जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग काढून त्याला दिले. अस्पीनं त्यांना बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. अस्पी पुढं निघाला, ११ मे ला कराचीला पोचला, जेआरडींचा प्रवास संपायच्या आधी. बक्षीस अस्पीला मिळालं. मनमोहन सिंग त्या आधीच्या प्रयत्नांत वाट चुकले, शेवटच्या प्रयत्नात वाटेत उतरावं लागल्यानं मुदत थोडक्यात हुकली. अस्पी इंजिनिअर पुढं भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले, १९६० ते १९६४.

ही गोष्ट नेहमी खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. आहेच. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या हातानं जिंकून देणं सोपं नाही. पण नकाशा समोर घेऊन बघा. अस्पीचा भूमध्य समुद्र पार करून झाला होता. त्याच्या पुढं बराचसा वाळवंटी प्रदेश आणि किनारा होता, तिथं त्याला चालणारं इंजिन हवं होतं. जेआरडींचं वाळवंट मागं पडलं होतं आणि समुद्र पुढं होता. समुद्रावर इंजिन गेलं तर जिप्सी मॉथ काही होडी होत नाही. तिथं पाण्यावर तरंगत ठेवणारं काहीतरी हवं. म्हणजे ज्याच्या पुढच्या टप्प्याला जे लागणार ते त्याच्याकडं गेलं. या दोघांना खाली काय आहे याचा विचार करायची सवय होती आणि समोरच्याच्या खाली काय येणार हेही दिसत होतं. यात जेआरडींनी स्वतःचा धोका वाढवून घेतला हे विसरायचं नाही. उरलेल्या वाटेवर त्यांचे प्लग गेले असते तर त्यांच्या पिशवीत तितके नव्हते.

त्याच मे महिन्यात, त्याच वाटेवर, एमी जॉन्सन नावाची इंग्लिश बाई एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली होती, तीही जिप्सी मॉथ घेऊन. १० मे ला ती कराचीत होती, दुसऱ्या दिवशी निघाली. म्हणजे अस्पी जिथं ११ मे ला पोचला तिथून त्याच दिवशी ही उडाली. हिला अलाहाबाद गाठायचं होतं, पण समोरचा वारा आणि पेट्रोल यांचं गणित बसेना. उतरली कुठं, तर झाशीला! आपल्या नेवाळकरांच्या झाशीला. पलटणीचं परेडचं मैदान दिसलं तिथं टेकवलं विमान. मैदान संपेपर्यंत ते थांबलं नाही आणि पंखाला मार बसला. तो दुरुस्त करून पुढं गेली, तर रंगूनजवळ इनसेनला फुटबॉलच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं. तिथल्या तंत्रशाळेतल्या लोकांनी ते उभं केलं. पंखाचं कापड फाटलेलं, तर लढाईनंतर मोडीत निघालेल्या विमानाच्या कापडाचे शिवलेले सदरे तिथं सापडले, ते उसवून पंखाला लावले. २४ मे ला ती डार्विनला पोचली. मला तिच्या सगळ्या प्रवासात ही दोन मैदानंच जास्त आवडतात. दोन्ही ठिकाणी खाली मोकळी जागा होती आणि जागेच्या कडेला हातात हत्यार घेऊन येणारी माणसं होती.

आता आपल्याकडं येऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी सकाळी ६.३५ ला कराचीहून निघाले, २५ किलो टपाल घेऊन, अहमदाबादला पेट्रोल घेऊन दुपारी १.५० ला जुहूला उतरले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण टपाल तिथं थांबलं नाही. नेव्हिल व्हिंटसेंट, ज्यांनी ही टपालसेवेची कल्पना मुळात टाटांकडं आणली, ते पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. विमान पस मॉथ. बंद केबिन, एक पंख, १२० अश्वशक्तीचं एक इंजिन. रेडिओ नाही. वाटेत दिशा सांगणारी कसलीही सोय नाही.

मी नकाशावर जुहू आणि बेल्लारीमध्ये पट्टी ठेवली. (विमान काही पट्टीनं आखल्यासारखं जात नाही, पण अंदाज येतो.) रेषा मुळशीच्या आसपास सह्याद्री ओलांडते, शिरवळ-कोरेगावच्या अंगानं खाली येते, वडूजजवळून माण-खटावात शिरते आणि कवठेमहांकाळ-जतच्या बाजूनं कर्नाटकात जाते. म्हणजे सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे तिरके कापून! आष्ट्यापासून पन्नासेक किलोमीटर. आमच्या पणजोबांना दिसलं नसेल, पण वडूजच्या एखाद्या मेंढक्यानं मान वर करून बघितलंच असेल.

आणि त्याच्या डोक्यावरच्या वैमानिकाचं इंजिन बंद पडलं असतं तर? मुळशीवर पडलं असतं तर अवघड होतं. खाली झाडी, दऱ्या, आणि टाटांचाच तलाव, ज्याच्या धरणापायी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो. पण एकदा घाट ओलांडला की पुढं माळच माळ. माणदेशाला पाऊस नाही याचं दुःख पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलंय, पण इंजिन बंद पडलेल्या माणसाला त्यासारखं वरदान नाही. सपाट, कोरडं, कडक, झाड नाही, तार नाही. खडक-दगड सोडला तर हवं तिथं टेकव.

टाटांची ही सेवा पहिल्या वर्षात १,६०,००० मैल उडाली. पावसाळ्यात जुहूच्या जमिनीत पाणी भरायचं म्हणून सगळा कारभार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवायचा. तरी टपाल वेळेवर पोचायचं. लोक याचं श्रेय शिस्तीला देतात आणि ते खरंच आहे, पण मला वाटतं थोडं श्रेय खालच्या माळांनाही द्यावं. एका इंजिनावर इतक्या निर्धास्तपणे उडता येत होतं त्याचं एक कारण म्हणजे बरीचशी वाट उतरण्याजोगी होती.

निर्धास्तपणे म्हटलं खरं, पण पस मॉथची एक वेगळी गोष्ट आहे. १९३० ते १९३३ या काळात जगभरात ही विमानं एकामागून एक हवेतच मोडून पडत होती. इंजिन नव्हे, पंखच. वादळी हवेत पंखाला आधार देणारा तिरका दांडा थरथरायला लागायचा, ती थरथर वाढत जायची आणि पंख सुटायचा. बर्ट हिंकलर, ज्याचा इंग्लंड-भारत प्रवासाचा विक्रम एमी जॉन्सननं कराचीपर्यंत येताना मोडला, तो ७ जानेवारी १९३३ ला इटलीच्या डोंगरात पस मॉथमध्येच गेला. कारण शोधायला तज्ज्ञांना बराच काळ लागला. उपाय काय निघाला, तर पुढच्या दांड्याला मागच्याशी जोडणारी एक छोटीशी कांब. बस. म्हणजे वडूजच्या मेंढक्याच्या डोक्यावरून ती विमानं पहिल्यांदा गेली तेव्हा हा घोळ सुटलेला नव्हता. इंजिनाला माळाचं उत्तर होतं. पंखाला खाली कितीही माळ असला तरी उपयोग नव्हता. वैमानिकाच्या हातात काय आहे आणि काय कारखान्यातच ठरून गेलंय, यातली रेघ मला त्या कांबेइतकी स्पष्ट कुठं दिसली नाही.

आजची विमानं मोडून पडत नाहीत. इंजिनंही त्या मानानं कितीतरी भरवशाची. सिरस नावाच्या विमानाला तर आख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, दांडा ओढला की विमान वैमानिकासकट झुलत खाली. पण आपली शिकाऊ विमानं बहुतेक जुन्या पद्धतीचीच, आणि कधीमधी खाली येतातच. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीच सरावाला निघालेली २२ वर्षांची विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शेतात उतरली. इंजिनाची ताकद गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. विमान मोडलं, पोरगी किरकोळ जखमांवर बचावली, आणि तिला बाहेर काढायला शेतातलीच माणसं धावली. फोटो तुम्ही व्हॉट्सॅपवर बघितला असेल: शेतात पडलेलं विमान आणि भोवती अर्धं गाव. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं बारामतीच्याच परिसरात खाली आली, १९ आणि २२ तारखेला.

त्या फोटोवर तेव्हा बरेच विनोद झाले. मीही एक पुढं ढकलला होता, कबूल करतो. आता तीन मिनिटांचं गणित केल्यावर तो फोटो परत काढून बघितला. तिथं ती एकटी होती, शिकवणारा शेजारी नव्हता. तिनं वेग धरला असणार, शेत निवडलं असणार. आणि ते शेत १९३२ चं नव्हतं.

हे मला सगळ्यात उशिरा लक्षात आलं. जुहू-बेल्लारी रेषेखालची जमीनच बदललीय. ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी वर चढलं. कवठेमहांकाळला द्राक्षबागा आल्या. द्राक्षबाग वरून हिरवीगार गादी दिसते, पण ती लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारांची जाळी असते. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येक विहिरीपर्यंत विजेची तार गेली, आणि तार वरून दिसत नाही, खांब दिसतात, तेही उशिरा. कृष्णाकाठाला तर ऊसच ऊस. ज्या पाण्यासाठी आमच्या आजोबांच्या पिढीनं मोर्चे काढले त्यानं माणसांचं भलं केलं आणि या एकुलत्या एक इंजिनवाल्याची जागा घेतली. तक्रार नाही करत, पाणी यायलाच हवं होतं. फक्त नोंद.

रविवारी सकाळी तात्यांना फोन लावला. म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काढलंय. सहा किलोमीटर, तीन मिनिटं, सगळं सांगितलं. मग विचारलं, "तात्या, तुम्ही असता तर कुठं टेकवलं असतं?"

तात्या जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उसात न्हाई. बारा फूट ऊस झालाय, आन् खाली चिखल. चाक रुतलं की पालथंच."

मी नकाशा समोर घेऊन बसलो होतो. म्हटलं, उपग्रहाच्या चित्रात एक भला मोठा पांढरट पट्टा दिसतोय, एकदम मोकळा, लांबलचक, जवळ तारा पण दिसत नाहीत. तो कसा?

तात्या हसले. "आरं ती क्षारपड हाय. खारी जमीन. पाणी पाजून पाजून मेली ती. वरनं धावपट्टीगत दिसतीया, पण आत्ता पावसाळ्यानंतर पाय टाकलास तर गुडघ्यापातूर जाशील."

वाळवा-मिरज-पलूसच्या पट्ट्यात ही क्षारपड हजारो एकर आहे, हे मला माहीत होतं. उसाला पाण्याचा मारा, निचरा नाही, मग मीठ वर येतं आणि काही उगवत नाही. आमच्याही भावकीतली काही त्यात गेलीय. पण तीन मिनिटं हातात असलेल्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराला वरून तीच सगळ्यात चांगली जागा दिसेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ते कुठल्या नकाशावर लिहिलेलंही नसतं.

"मग कुठं?" मी परत विचारलं.

"तोडलेल्या उसाचं रान. पाचट पेटवून मोकळं केलेलं. पन सरीच्या आडवं न्हाई यायचं, सरी धरून यायचं. आडवं आलं की पयल्याच सरीला नाक घालतंय."

मी वैमानिकांच्या पुस्तकात हेच वाचलं होतं. नांगरलेल्या रानात उतरायचं तर तासांच्या दिशेनं. तात्यांनी ते ट्रॅक्टरवरून काढलं होतं.

"पण आत्ता तोडलेलं रान आहे का कुठं?"

"आत्ता कुठलं? कारखाना पेटला न्हाई अजून. आमच्या आडसालीची तोड लागायला म्हैना हाय." मग जरा थांबून म्हणाले, "त्या पोरांना म्हणावं, म्हैनाभर जरा उंचावरनं जावा."